जगाचा पैरा

संपादकांचं पत्र आलं. "फौजी कचेरीतल्या चार गमती लिहून पाठवा, दिवाळीत लोकांना जड वाचवत नाही." मी म्हटलं, बरं आहे बाबा, तुमचे वाचक फराळ करत वाचणार आणि मी इथं डोकं खाजवत बसणार. गमती माझ्याजवळ नाहीत असं नाही. एक-दोन सांगतोही. पण नोकरीची आठवण निघाली की मला आधी नेसरीकडचा सुबराव आठवतो, आणि तो काही गमतीचा विषय नव्हे. ज्याला हलकंफुलकं पाहिजे त्यानं खुशाल पान उलटावं.

मी जैन माणूस. दिवस मावळल्यावर घास खाल्ला नाही, वाटेत मुंगी दिसली तर पाय जपून टाकला, आणि पोटापाण्याला मिळालं काय, तर फौजेचं खातं! आई म्हणायची, "अरे, गावात दुसरी जागाच नव्हती काय?" नव्हती. पण बंदूक मी उभ्या जन्मात हातात धरली नाही. माझं हत्यार म्हणजे टाक आणि दौत. आधी कोल्हापूर दरबारच्या फौजी दप्तरात होतो, आणि संस्थान विलीन झाल्यावर जिल्ह्याच्या सैनिक कचेरीत आलो. कसबा बावड्याच्या रस्त्याला कौलारू इमारत, बाहेर लाकडी बाक, आणि आत मी. लोक मला आण्णा म्हणत.

दरबारच्या दप्तरात जुन्या तहांच्या नकला होत्या. त्यांना वाळवी लागू नये म्हणून दर वर्षी उन्हं द्यायची, हे माझं काम. उन्हं देता देता मी त्या वाचून काढल्या. भाषा काय गोड! उभयतांची दोस्ती चंद्रसूर्य असेतो राहील, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. तीन कलमं पुढं गेलं की खरी गोष्ट यायची: महाराजांनी कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी तह करायचा नाही, लढाई करायची नाही, आणि कंपनी महाराजांचं रक्षण करील. म्हणजे दोस्त बलवान असला की रक्षण तो करतो, पण कुणाशी भांडायचं आणि कुणाशी बोलायचं हेही तोच ठरवतो. हे मी त्या पिवळ्या कागदांवरून शिकलो. पुढं वर्तमानपत्रात मोठमोठ्या राष्ट्रांचे करार वाचले, तेव्हा मी पहिलं कलम सोडून आधी चौथं शोधायचो.

विलीनीकरणाच्या वेळी दरबारच्या फौजेतले एक म्हातारे सुभेदार रोज कचेरीत येऊन बसायचे. मिशा पांढऱ्याफेक, आवाज तोफेसारखा. एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आण्णा, सरळ सांगा. आता आमी कुनाच्या बाजूचं?" मी म्हटलं, "सुभेदार, आता बाजू एकच. दिल्लीची." ते म्हणाले, "आनि दिल्ली कुनाच्या बाजूची?" मी म्हटलं, "दिल्ली म्हणते, कुणाच्याच नाही." सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, "मग मारामारी लागली तर मधी पडून मार खायचा म्हना की." मी तेव्हा हसलो होतो.

आता कचेरीचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. गावोगावची पोरं पलटणीत. घरी आईबापांना वाचता येत नाही. पत्र आलं की ते घेऊन आमच्याकडं यायचे, आम्ही वाचून दाखवायचं, उत्तर लिहून द्यायचं, आणि घरची काही अडचण असली तर अर्ज करून आमच्या शेऱ्यानिशी वर पाठवायचा. परमुलखात गेलेल्या शिपायाच्या पत्त्यावर गावाचं नाव नसतं, नुसता टपालाचा नंबर असतो, म्हणजे पलटण कुठं आहे ते कुणाला कळू नये. पन्हाळ्याकडची एक बाई एकदा भाकरी बांधून घेऊनच आली. म्हणाली, "पावणं, त्रेसष्टला जायाची यष्टी कुठनं सुटती?" मी समजावलं की बाई, त्रेसष्ट हे गाव नव्हे, नंबर आहे. ती म्हणाली, "आसंल की नंबर, पर तिथं मानसं ऱ्हात्यात न्हवं? मग यष्टी जात आसंलच." तिची समजूत काढता काढता दोन वाजले, आणि ती भाकरी शेवटी मला खायला घालून ती गेली.

पण लोक नुसत्या पत्रांसाठी येत नसत. चावडीवर वर्तमानपत्र वाचलं जायचं, त्यातलं काही कळायचं, काही नाही, आणि मग कोल्हापूरला आल्यावर माझ्या बाकावर बसून प्रश्न. अटलांटिकच्या काठच्या देशांनी करार केला म्हणे, एकावर वार तो सगळ्यांवर वार, म्हणजे काय? कोरियात सोळा देशांच्या फौजा कशा गेल्या? त्यांचं भांडण काय? मला हे समजावून सांगायला फार आवडायचं. खरं सांगतो, त्या कचेरीत माझी ऐट म्हणाल तर तेवढीच होती.

मी पैऱ्याचा दाखला द्यायचो. पैरा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला पाहिजे. एकट्याच्या हातानं शेत निभत नाही. म्हणून चार-पाच घरं एकत्र येतात. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. कागद नाही, सही नाही, शब्दावर चालतं. मी म्हणायचो, "राष्ट्रांचंही तसंच. एकट्यानं राखण होत नाही, म्हणून दहाबारा जण शब्द देतात, तुझ्या बांधावर कुणी आला तर तो आमच्या बांधावर आला." मग कुणीतरी विचारायचा, "सगळी येत्यात व्हय पर?" त्यावर मी हळूच कलम सांगायचो. करारात असं लिहिलेलं नसतं की सगळे तलवार घेऊन धावतील. लिहिलेलं असतं की जो तो आपल्याला योग्य वाटेल ती मदत करील. म्हणजे पैऱ्याला कुणी बैलजोडी घेऊन येईल, कुणी नुसतं खुरपं घेऊन. आणि सगळे आले तरी बैल हाकणारा एकच लागतो, तो बहुतेक सगळ्यात मोठ्या घरचा असतो. लोक माना डोलवायचे. "आण्णा, लई सोपं करून सांगतासा बगा."

सोपं करून सांगायची ही खोडच मला नडली.

कोरियातली लढाई थांबली त्या वर्षी, श्रावणात, सुबराव आला. पन्नाशीचा, काटक, पटका नीट बांधलेला, खांद्यावर घोंगडं. आधी पायताण दाराबाहेर काढलं, मग आत आला. त्याला मी ओळखत होतो. त्याचा थोरला मुलगा मोठ्या लढाईत इटलीत मारला गेला होता, साहेबाच्या आणि साहेबाच्या दोस्तांच्या बाजूनं लढताना. तेव्हाचे कागद मीच केले होते. आता धाकटा, मारुती, पलटणीत होता, आणि पलटणीला कोरियाला जायचा हुकूम आला होता.

"आण्णा, अर्ज लिवा," तो म्हणाला. "येकच उरलाय. त्येला घरला सोडा म्हनावं. त्येच्या अव्वानं सांगिटलंय, अर्ज दिल्याबिगार माघारी येऊ नका म्हनून."

अव्वा म्हणजे त्याची बायको, गंगव्वा. सरहद्दीकडच्या त्या गावांत आईला अव्वा म्हणतात.

अर्ज योग्य होता. एक मुलगा लढाईत गेलेला, दुसरा एकटाच कमावता, अशा घराला सूट मागता येई, आणि आमच्या कचेरीचा शेरा चांगला असला तर ती बहुधा मिळे. मी अर्ज लिहिला. सुबरावनं अंगठा उठवला. आता फक्त शेरा मारून टपालात टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि मी बोलायला लागलो. कुणी विचारलं होतं मला? मी म्हटलं, "सुबराव, भ्यायचं कारण नाही. लढाई थांबली आहे. एका बाजूला सोळा देश, दुसऱ्या बाजूला दोन. एकमेकांचे कैदी दोघांकडं आहेत, आणि काही कैदी म्हणतात, आम्हाला घरी जायचंच नाही. त्यांना सांभाळायला दोघांनाही चालेल असा तिऱ्हाईत पाहिजे. जगाच्या सभेनं आपल्याला बोलावलंय. आपण कुणाच्या करारात नाही, म्हणूनच बोलावलंय. मारुती लढायला चालला नाही, भांडण सोडवायला चाललाय."

"आपलं काय अडलंय पर?" तो म्हणाला.

"हा पैरा आहे, सुबराव. जगाचा पैरा. आज आपण त्यांच्या बांधावर उभं राहायचं, उद्या आपल्या बांधावर कुणी आलं तर जग उभं राहील."

 पैऱ्याला बोलावल्यावर न जाणारं घर सुबरावच्या गावाकडं हलकं समजतात. ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच मी तो शब्द वापरला होता. त्यानं घोंगडं सावरत विचारलं, "आण्णा, तुमचा पोरगा आसता तर धाडला आसतासा?"

"धाडला असता," मी म्हटलं. मला तीन मुली. ते उत्तर फुकटचं होतं.

त्यानं अर्ज माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि पटक्यात खोवला. "पैरा म्हंतासा तर जाऊ दे की," म्हणाला, आणि पायताण घालून गेला.

मारुतीची पत्रं यायला लागली. सुबराव ती घेऊन एसटीनं यायचा आणि मी वाचून दाखवायचो. मारुती चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर गोल. पहिल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की तिथल्या एका सरकारला आपली फौज नको आहे, आपल्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही म्हणतात, म्हणून बोटीवरून आम्हाला डोक्यावर पंखा असलेल्या विमानांतून उचलून मधल्या पट्टीत नेऊन ठेवलं. सुबरावनं मला थांबवलं. "पाय बी ठिवू देत न्हाईत? पैऱ्याला आलेल्याला?" मी काहीतरी सारवासारव केली. मी त्याला हे सांगायला पाहिजे होतं की तिऱ्हाइतावर दोघांचाही राग असतो, आणि करारातल्या माणसाच्या पाठीशी निदान दहा घरं असतात, तिऱ्हाइताच्या पाठीशी कोण? सांगितलं नाही.

एक पत्र अजून मला जवळजवळ पाठ आहे. "आबास व अव्वास नमस्कार. थंडी फार आहे, पाणी भांड्यात दगड होतं. इथं तंबूत एकेका कैद्याला आणून बसवतात. त्याच्या देशाचे साहेब त्याला विचारतात, घरी येतोस का. आज एकाचा दंड मी धरला होता. माझ्याएवढाच होता. तो ओरडून नाही म्हणाला आणि त्याचा दंड थरथरत होता. अव्वा, घरी यायला नको म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. मला कुणी विचारलं तर मी एका उडीत येईन."

सुबरावनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "ही शेवटची वळ घरात वाचू नगासा म्हनून गावच्या मास्तरला सांगतो. त्येच्या अव्वाला सोसायची न्हाय."

पौषात तार आली. गोळी नाही, चकमक नाही. छातीत सर्दी भरली, ताप चढला, फौजेच्या इस्पितळात सहा दिवस होता आणि गेला. तार घेऊन नेसरीला मी स्वतः गेलो, तेवढी लाज माझ्यात होती. सुबराव ओट्यावर दोर वळत बसला होता. मला बघितल्यावर त्याचे हात थांबले. गंगव्वा आतून आली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि माघारी आत गेली. मग आतून जो हंबरडा ऐकू आला तो मला आजही ऐकू येतो.

तेरावा झाल्यावर सुबराव कचेरीत आला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं पायताण बाहेर काढलं, बाकावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "आण्णा, घराचं नाव सांगा."

मला कळेना. मग त्यानं समजावलं, जसा मी इतकी वर्षं लोकांना समजावत होतो. त्यांच्या भागात रिवाज असा, की पैऱ्याला गेलेला माणूस दुसऱ्याच्या रानात दगावला, साप चावला म्हणा, दरड कोसळली म्हणा, तर ज्याचं रान त्या घरानं मेलेल्याच्या रानात राबायचं. एक हंगाम नव्हे. त्या घरात कर्ता हात तयार होईपर्यंत. "माझ्यात तर आता हात तयार व्हायाचा न्हाय," तो म्हणाला. "मी काय जलमभर मागत न्हाय. पर गेल्या पावसात खालचा बांध फुटलाय. मारुती रजंवर आला की घालायचा हुता. येक मानूस धाडा म्हनावं, बांधापुरता. कुनाच्या रानात गेला माझा पोरगा? त्या सोळा घरांच्या, का त्या दोगांच्या?"

 ती पट्टी कुणाचीच नव्हती. मुद्दाम कुणाची नाही अशी ठरवलेली जागा. सोळा म्हणणार, तो आमचा माणूस नव्हे. दोन म्हणणार, आमचाही नव्हे. जगाच्या सभेचं काही रान नसतं. पैऱ्यात माणसं एकमेकांना तोंडानं ओळखतात, शब्द देणारा तोच दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन येतो. करारात शब्द देतो एक आणि जातो दुसऱ्याचाच पोरगा. एवढा मोठा फरक, आणि सोपं करून सांगण्याच्या नादात मी नेमका तोच गाळला होता.

"पत्र लिवा जगाच्या सभंला," सुबराव म्हणाला.

मी लिहिलं. त्याच्यासमोर, इंग्रजीत, जेवढं येत होतं तेवढ्या चांगल्या भाषेत. त्यानं अंगठा उठवला. तो गेल्यावर मी पत्र खणात ठेवलं आणि किल्ली फिरवली. असलं पत्र जिल्ह्याच्या कचेरीतून बाहेर जात नसतं. गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि बांध काही झाला नसता. कारणं दोन्ही खरी आहेत. तरी मी भित्रेपणा केला, हेही खरं.

तो फाल्गुनात आला. "जाब आला?" "येईल." चैत्रात आला. "लांबचा पल्ला हाय, येळ लागनारच की," असं म्हणून उलट त्यानंच माझी समजूत घातली. त्याच सुमाराला शेजारच्या देशानं अमेरिकेशी लष्करी करार केल्याची बातमी आली आणि माझा बाक भरून गेला. आण्णा, आता काय व्हनार? आण्णा, आपन बी कुनाशी तरी करार करायला नगो?  मी म्हणायचो, मला ठाऊक नाही. लोकांना वाटलं, आण्णांची प्रकृती बरी नाही.

वैशाखाच्या शेवटाला सुबराव पुन्हा आला. आभाळ भरून यायला लागलं होतं. "आण्णा, आता दिस ऱ्हायलं न्हाईत. बांध न्हाय झाला तर पयल्या पान्यात समदी माती वड्याला. पेरायचं कशात?"

मी खण उघडला आणि पत्र त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "सुबराव, मी हे धाडलंच नाही. धाडलं असतं तरी कुणी येणार नव्हतं. तो पैरा नव्हता. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

त्यानं पत्र हातात घेतलं, आपल्या अंगठ्याच्या ठशाकडं बघत राहिला.  शेवटी तो म्हणाला, "सोळा घरं मला ठावं न्हाईत. ती दोन बी ठावं न्हाईत. त्यांनी काय मला बोलीवलं न्हवतं. पैरा हाय म्हनून मला कुनी सांगिटलं?"

"मी."

"मग घर तुमचंच की, आण्णा."

आवाज चढवून नाही. हिशोब चुकलेल्याला नीट करून दाखवावा तसं. पायताण घालून तो गेला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग विचार कसला करताय? रजा टाका." साहेबांना रजेचं कारण काय द्यावं कळेना, मी "घरचं काम" असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मी सुबरावच्या खालच्या रानात कुदळ घेऊन उभा होतो. आमच्या घराण्यात शेती सुटून दोन पिढ्या झालेल्या. टाक धरणारे हात. पहिल्या दहा घावांतच कुदळ दगडावर आपटून मनगटात कळ गेली. भावकीतली दोन माणसं पैऱ्याला आली होती, ती तोंड फिरवून हसली. सुबराव हसला नाही. "कुदळ वरनं नगं, आंगावरनं सोडा," एवढंच म्हणाला. माती खणताना किती जीव मेले असतील देव जाणे. त्या दिवशी मी तिकडं बघितलं नाही. खणायचं, पाटी भरायची, बांधावर टाकायची, चोपायची. दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले, दिवस कलताना ते फुटले. रुमाल काढून हाताला गुंडाळावा म्हटलं, तर सुबराव म्हणाला, "ऱ्हाऊ दे, हवा लागू दे."

दिवस मावळायच्या आत गंगव्वा भाकरी घेऊन बांधावर आली. मी दिवसाउजेडीच जेवतो हे तिला कुणी सांगितलं असेल? सुबरावनं? पौषातल्या त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. सकाळी मी दारात आलो तेव्हाही पदर पुढं ओढून आत गेली होती. मला वाटलं, भाकरी ठेवून जाईल. तिनं कळशी घेतली आणि म्हणाली, "हात म्होरं करा."

मी हात पुढं केले. तिनं पाणी ओतलं. तळवे इतके चुरचुरले की मी बोटं मिटायला गेलो. तिनं माझं मनगट धरून तळवा उघडा केला आणि बघत राहिली, अंधारून येईपर्यंत.

"त्येचं बी आसंच फुटलं हुतं," ती म्हणाली. "पयल्यांदा."